वाळूचा मामा

अग्निशमन केंद्राच्या अंगणात सकाळचं ऊन उतरलं की सगळ्यात आधी ते मामाच्या पोटावर पडायचं. मामा म्हणजे कुणी माणूस नव्हे. जाड कॅनव्हासचा, वाळू भरलेला, हातापायांचा पुतळा. बेशुद्ध माणूस खांद्यावर टाकून धुरातून बाहेर कसा काढायचा, ते सगळे त्याच्यावर शिकायचे. वजन साठ किलो, अंगात जुना रबरी कोट आणि नाकाच्या जागी एक मोठं काळं बटण. भरतीला आलेला एखादा गडी त्याला उचलताना कुंथला, की बंबाचा ड्रायव्हर ओरडायचा, "अरे सावकाश! मामा आत्ताच जेवलाय!" या ड्रायव्हरचा आवाज असा, की सगळे त्याला भोंगाच म्हणत.

मामाची उसाभर जमादारांकडे. तो फाटला की दाभण घेऊन शिवायचं, वाळू सांडली की पुन्हा भरायची, काट्यावर घालून वजन जुळवायचं. तेवीस वर्षांची नोकरी, डावा कान अर्धा जळलेला, आणि हात मात्र शिंप्याला लाजवतील असे.

त्यांना एकच लेक. ती चालायला लागली ती धावतच, आणि धावायला लागली ती वर चढतच. पाण्याचे पाइप वाळत घालायच्या मनोऱ्यावर ती सहाव्या वर्षी चढून बसली, तेव्हापासून वसाहतीत तिचं नाव खार पडलं. आईने तिला निजवताना त्यावर ओळी रचल्या होत्या:

लेक माझी खारूताई, चढे वर वर वर,
बाप उभा पायथ्याशी, हात त्याचा काळजावर.

खार बावीस वर्षांची झाली, त्या वर्षी केंद्राच्या फळ्यावर साहेबांनी कागद लावला. यंदा मुलींनाही भरती खुली होती. पहिला अर्ज खारीचा.

मग घरात रोज एकच खेळ. जिन्याखाली खार आईला पाठीवर घ्यायची आणि तीन मजले चढून जायची. आई वरून हसत ओरडायची, "अगं पाडशील मला! गॅसवर भाजी करपतेय!"

"करपू दे. आग लागली तर विझवायला आहे मी."

"अहो, बघा तुमच्या लेकीला!"

जमादार बघायचे, आणि त्यांचा हात खरोखरच काळजावर जायचा. पण तो फक्त काळजीने जायचा असं म्हणणं खोटं ठरेल. आत्या येऊन बोलून गेली होती, "दादा, तुझा कान गेला ते झाकून गेलं. पोरीचा चेहरा भाजला तर तिला कोण पत्करेल?" हे त्यांनी सोसलं. सोसवलं नाही ते केंद्रातलं हसणं. चहाच्या वेळी भोंगा म्हणाला, "जमादार, आता शिडीवर पोरी चढणार म्हणे. मग आपण काय खाली उभं राहून वेण्या घालायच्या?" सगळे हसले. जमादारही हसले. आपल्याच लेकीवर आपण हसलो, हे घशाखाली चहा उतरण्याआधी त्यांना कळलं होतं. पण उतरला तो चहाच. शब्द वर आला नाही.

मुलांची चाचणी एका दिवशी झाली, मुलींची दुसऱ्या दिवशी होती. त्या सकाळी अंगणात कुणी यायच्या आधी जमादारांनी मामाच्या मानेची शिवण उसवली, आत दीड बादली पाणी ओतलं, मान परत शिवली आणि रबरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. वाळूने पाणी असं पिऊन टाकलं, की वर थेंब दिसला नाही. लेक हरेल, रडेल, चार दिवसांत विसरेल, आणि जिवंत राहील. एवढाच हिशेब त्यांनी मनाशी केला.

सात मुली आल्या. मामाला घेऊन पन्नास पावलं जायचं होतं. पहिलीचे गुडघे विसाव्या पावलाला टेकले. दुसरीच्या हातून तो उचललाच गेला नाही. एकेक करत सहा जणी बाजूला झाल्या, आणि भिंतीलगतचं हसू मोठं होत गेलं. खार शेवटची. तिने मामाला खांद्यावर घेतलं तेव्हा तिच्या कपाळाला एक आठी पडली. ती चालत राहिली. चव्वेचाळिसाव्या पावलाला ती मामासकट कोसळली.

उठून ती आधी वडिलांजवळ आली. "बाबा, मामा आज जड होता."

"आगीत सापडलेला माणूस वजन सांगून पडत नाही," जमादार म्हणाले. भिंतीजवळून कुणीतरी "वा!" केलं.

फळ्यावर दुसरा कागद लागला. मुलींमधून एकही पात्र नाही.

मामा कोपऱ्यात पडून राहिला. त्याची मान उसवून वाळू उन्हात घालायला जमादारांचा हात धजेना. कोटाच्या आत ओल कोंडली. आठवड्याभराने भोंगा नाक मुरडत म्हणाला, "जमादार, मामाला वास येतोय हो. आंघोळ घाला त्याला." जमादार दाभण शोधायच्या निमित्ताने खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चाचणीला तेरा दिवस झाले आणि भरदुपारी बंब निघाला. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर पेटलं होतं. घरातली म्हातारी माणसं शेजाऱ्यांनी खाली आणली होती. सासू रस्त्यावर बसून ओरडत होती, "सून आहे आत! न्हाणीत आहे!"

जमादार वर गेले. मागोमाग पाइप घेऊन दोघे. धुरात भिंत चाचपत ते न्हाणीघराच्या दाराशी पोहोचले आणि दारावर थाप मारली. "बाई, दार उघडा! अग्निशमनवाले आहोत!"

आतून खोकला. मग आवाज, "दादा, माझे कपडे बाहेर दोरीवर आहेत."

"कपडे राहू द्या! उघडा!"

"तुमच्यात कोणी बाई आहे का?"

"नाही हो, कुणी नाही. मी तुमच्या वडिलांसारखा आहे. डोळे मिटतो. उघडा!"

"खाली सगळे बघतायत, दादा. एखादी बाई पाठवा ना. मी थांबते."

कुऱ्हाड जमादारांच्या हातात होती. ते दार एका घावाचं होतं. पण तेवीस वर्षांत अनेक दारं फोडलेला तो हात त्या दारापुढे अडला. उघड्या बाईच्या अंगावर दार फोडून जायचं? ते मागे वळून ओरडले, "चादर आणा रे कुणीतरी!" चादर सापडेपर्यंत, ती हातोहाती येईपर्यंत, दोन मिनिटं गेली. आतला खोकला थांबल्यावर त्यांनी घाव घातला.

चादरीत गुंडाळून त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. तिला ओझंच नव्हतं. पंचेचाळीस किलो असेल नसेल. मामाच्या जवळपासही नव्हती ती. खार तिला घेऊन तीन मजले पळत उतरली असती. आणि दाराबाहेरून खारीचा आवाज ऐकला असता, तर आतल्या पोरीने कडी काढली असती.

इस्पितळात पोहोचण्याआधी ती गेली.

केंद्रात अहवालाच्या कागदावर एक रकाना होता, विलंबाचे कारण. जमादारांनी लिहिलं, दाट धूर. तेवीस वर्षांत आणखी दोन वेळा, अशाच बंद दारांनंतर, त्यांनी हेच दोन शब्द लिहिले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग ते परत उचललं आणि ते दोन शब्द खोडले. त्याखाली लिहिलं: बाईने बाई मागितली. आमच्यात नव्हती. ती मी येऊ दिली नव्हती.

साहेबांनी कागद वाचला आणि मान वर केली. "हे शेवटचं वाक्य कळलं नाही, जमादार."

"अंगणात चला साहेब. काटाही घेऊ."

सगळे जमले. पाइप गुंडाळायला मदत म्हणून आलेली खारही मनोऱ्याखाली उभी होती. जमादारांनी मामाला काट्यावर ठेवलं. काटा त्र्याहत्तरावर थांबला. मग त्यांनी मानेची शिवण कापली. काळी पडलेली ओली वाळू अंगणात सांडली आणि तो कुबट वास सगळ्यांच्या नाकात गेला.

"मुलींच्या चाचणीआधी मी यात पाणी ओतलं," जमादार म्हणाले. "माझी एक अडवायला सात जणींना पाडलं."

भोंग्याने टोपी काढली. पहिल्यांदाच हळू आवाजात तो म्हणाला, "हसलो तर आम्ही सगळेच."

"तुमची चौकशी होईल," साहेब म्हणाले. "कदाचित नोकरीही जाईल."

"जाऊ दे साहेब. चाचणी परत घ्या."

जमादार लेकीकडे वळले. ती रडत नव्हती आणि ओरडतही नव्हती. वाळूकडे बघत तिने एवढंच विचारलं, "त्या सहा जणींना कोण सांगणार?"

"साहेब पत्र पाठवतील..."

"पत्र नाही. तुम्ही तोंडावर म्हणालात, माणूस वजन सांगून पडत नाही. तोंडावरच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी बापलेक निघाले. खार चार पावलं पुढे चालत होती, आणि घर आलं की चार पावलं मागे थांबत होती. पहिल्या घरातल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा पेला न देताच आत गेली. दुसरीचा बाप म्हणाला, "अहो, मी तिला रोज टोचतोय, की सांगितलं होतं ना, तुम्हा पोरींना जमायचं नाही." आणि मग तोच खाली बघायला लागला. तिसरीने पत्ता आणि तारीख तळहातावर लिहून घेतली. चौथी म्हणाली, "आता राहू दे काका. माझं ठरलं." तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जमादारांना लागलं. पाचव्या घरात माय म्हणाली, "ती त्या दिवसापासून जिना चढताना मोजते हो. चव्वेचाळीस आलं की थांबते. म्हणते, ती सातवी इथे पडली."

सहाव्या घराचं दार बंद होतं. जमादारांनी थाप मारली. आत पावलं वाजली आणि दारापाशी येऊन थांबली.

"कोण आहे?"

"अग्निशमन केंद्रातून आलोय. एक सांगायचं होतं."

"घरात कुणी नाही. बाबांनी सांगितलंय, परक्या पुरुषाला दार उघडायचं नाही." थोडं थांबून आवाज पुन्हा आला, "तुमच्याबरोबर कोणी बाई आहे का?"

जमादारांचा हात दारावर होता तसाच राहिला. तेच लाकूड, तेच शब्द. त्यांना श्वास घेता येईना, आणि इथे तर धूरही नव्हता.

मागून चार पावलं वाजली. खारीने वडिलांचा हात दारावरून अलगद काढला, आपल्या हातात धरला आणि आपलं तोंड दाराच्या फटीशी नेलं.

"आहे गं," ती म्हणाली. "मी आहे. उघड."

आतून कडी निघाल्याचा आवाज आला.