कस्तुराबाईनं परत घेतलेला भंडारा

मार्चच्या ऐन अधिवेशनात माझा भाऊ ताप घेऊन सोलापूरला माझ्या घरी आला. ताप त्याला नव्हता, सरकारला होता. अभिमन्यू सत्तेतल्या पक्षाचा आमदार, आणि त्या पक्षाकडे बहुमत होतं फक्त दोन डोक्यांचं. त्यातलं एक डोकं खरोखरच दवाखान्यात होतं. बजेट मंजूर झालं नाही की सरकार पडतं, एवढं नागरिकशास्त्र मी शाळेत पोरांना दरवर्षी शिकवते. ते माझ्याच घरात अंथरूण टाकून झोपेल असं कधी वाटलं नव्हतं.

"अक्का, कुणी आलं तर लई ताप हाय म्हण," तो म्हणाला आणि शेंगाचटणीबरोबर तीन भाकरी हाणल्या.

मी त्याला रागावले नाही. उलट मला बरं वाटलं, कारण तो का आलाय हे मला माहीत होतं.

निवडणुकीत आमच्या तांबडवाडीच्या सभेत साहेबांना, म्हणजे अभिमन्यूला, जोर चढला होता. वाडीच्या कोरड्या तलावात कालव्याचं पाणी आणायचं काम पहिल्याच बजेटात घेईन, नाही घेतलं तर त्या बजेटाला मत देणार नाही, असं छाती ठोकून बोलला. आमच्यातले म्हातारे माजी सरपंच, येडूतात्या, खाली बसून ऐकत होते. ते उठले. म्हणाले, "भाषान बास झालं लेकरा. भाषान आधीच्यांनीबी केलंय. बिरोबाचा भंडारा उचल."

भंडारा म्हणजे हळदच, पण देवाच्या ताटातली. कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलणारे आमच्यातही आहेत, कुठं नाहीत? पण भंडारा उचलून दिलेला शब्द आम्ही धनगर मोडत नाही. मोडला तर घरावर येतं, पोटच्या पोरावर येतं, असं मानतात. भंडाऱ्याच्या ताटाचा मान आमच्या घराचा, म्हणजे आमच्या आईचा. कस्तुराबाईनंच मूठभर भंडारा लेकाच्या हातावर ठेवला आणि सगळ्या वाडीसमोर त्यानं शब्द दिला. मतं पडली ती त्या भंडाऱ्याला. पक्षाला वाटलं, आपल्या चिन्हाला पडली.

बजेट आलं. त्यात तलाव नव्हता. पैसे दुसऱ्या कुठल्याशा मंत्र्याच्या तालुक्याकडे वळले होते. आणि अभिमन्यूच्या बायकोला, रेश्माला, सहावा महिना होता. म्हणून हा ताप.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पक्षाचे जिल्हाध्यक्ष पृथ्वीराज आले. सात रस्ता चौकाच्या गर्दीतून त्यांच्या तीन गाड्या माझ्या बोळात शिरल्या आणि शेजाऱ्यांच्या माना खिडक्यांतून बाहेर आल्या. पृथ्वीराजांनी सोबत सफरचंदाची करंडी आणली होती, डॉक्टर आणला होता आणि पक्षादेशाचा कागदही आणला होता. डॉक्टरला त्यांनी बाहेरच बसवलं. माणूस हुशार, उगाच कुणाला खोटं पाडत नाही.

"अभिमन्यूराव, मतदान परवा आहे," ते म्हणाले. "पक्षादेश मोडलात तर आमदारकी जाईल. गैरहजर राहिलात तरी जाईल. आणि सरकार पडलं, तर ज्यानं पाडलं त्याला पुढं तिकीट कोण देणार? विरोधकसुद्धा देत नाहीत."

"तलाव घ्या की मग बजेटात. एका ओळीचं काम हाय."

"एक ओळ तुम्हाला दिली की उद्या वीस जण तापानं फणफणतील. दोन आमदारांवर उभं असलेलं सरकार आहे हे. कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर सगळ्यांनाच नाही म्हणायचं."

"न्हाय जमायचं मला," अभिमन्यू म्हणाला. "भंडारा उचललाय मी."

लहानपणापासून ज्याला मी मास्तरांपुढे, मामांपुढे, पुढाऱ्यांपुढे मान डोलावतानाच पाहिलं, तो पहिल्यांदा नाही म्हणाला. त्या क्षणी मला माझा भाऊ फार आवडला. चहात मी साखर जास्त घातली, पृथ्वीराजांच्यासुद्धा.

पृथ्वीराज चिडले नाहीत. बशीत चहा ओतून पीत राहिले. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "देवाचं आहे, मी मध्ये पडत नाही. पण तुमच्यात याला काही सोडवणूक असेलच ना? प्रत्येक देवाकडे असते."

अभिमन्यूनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी त्याला गप्प राहा म्हटलं. त्यानं मान खाली घातली आणि सफरचंदांकडे बघत सांगून टाकलं.

"ज्यानं हातावर भंडारा ठेवला त्यानं तो माघारी घेतला आन सोताच्या कपाळाला लावला, तर उचलणारा सुटतो."

"आणि मग?"

"मग मोडल्याचं पाप माघारी घेणाऱ्याच्या माथी."

"कुणी ठेवला होता?"

"आयनं," तो पुटपुटला. पृथ्वीराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चहा झाला असेल तर निघा तुम्ही." ते निघालेच. पण भावाला घेऊन निघाले, आणि त्यांच्या मागं गाडीत मी स्वतःहून बसले. आईला एकटीला या माणसांच्या तावडीत द्यायचं नव्हतं मला.

वाडीत पोचलो तेव्हा आई करडांना पाला घालत होती. पृथ्वीराज वाकून तिच्या पाया पडले. "आईसाहेब" म्हणाले. आमच्या आईला जन्मात कुणी आईसाहेब म्हटलं नव्हतं, ती आधी मागं वळून बघायला लागली. मग त्यांनी सगळं सांगितलं. आमदारकी जाईल, खटले होतील, कदाचित आत जावं लागेल.

"आत बित काही जावं लागत नाही आई, खोटं आहे ते," मी म्हणाले. "आमदारकी जाईल, एवढंच. जाऊ दे की. शब्द राहील."

"ताई, भावाचं वाटोळं बघवेल तुम्हाला?"

"तुम्ही मध्ये बोलू नका. माझ्या आईशी बोलतेय मी."

आईनं आमच्या दोघांकडे लक्षच दिलं नाही. ती लेकासमोर जाऊन उभी राहिली. "अभ्या, तुला काय पायजे?"

आता त्यानं हे म्हणायचं होतं किंवा ते. नको आय, मी मत देत नाही, म्हणायचं होतं. नाहीतर मला आमदारकी पाहिजे, असं तरी सरळ सांगायचं होतं, मी त्यालाही मर्द म्हटलं असतं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं, आय."

इतकं लबाड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. आणि ते बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आईनं हात धुतले. देवळात माणसं गोळा झाली होती, गाड्या बघून येणारच. तिनं ताटातला भंडारा अभिमन्यूच्या हातावर ठेवला, मग तोच परत उचलून स्वतःच्या कपाळभर फासला. येडूतात्या काठीवर भार देऊन म्हणाले, "कस्तुरा, इचार कर. तळं सगळ्या वाडीचं हाय, तुज्या एकलीचं न्हाय."

"ठाव हाय मला," आई म्हणाली. "पोराच्या मागं लेकुरवाळं घर हाय. मोडल्याचं काय आसंल ते माज्या डोसक्यावर यिऊ दे."

तात्या देवळातून उतरून गेले. त्यांच्यामागं बाकीचेही गेले. गाड्या तिथूनच मुंबईच्या रस्त्याला लागल्या, मला कुणी सोलापूरला सोडायला थांबलं नाही. मी येष्टीनं आले.

मतदानाला अभिमन्यू इतरांबरोबर उभा राहिला ते मी टीव्हीवर पाहिलं. ताप उतरलेला होता. बजेट मंजूर झालं, सरकार वाचलं, बाकं वाजली.

वाडीनं आमदाराला काही म्हटलं नाही. म्हणणार कशाला? त्याच्याकडे दाखले असतात, बदल्या असतात, ट्रान्सफॉर्मर असतो. शिवाय रीतीप्रमाणे तो सुटलेला होता. माणसं पूर्वीसारखीच अर्ज घेऊन त्याच्या बंगल्यावर जात राहिली. तुटली ती आई. कुणी भांडलं नाही, वाळीत टाकलं नाही, नुसतं येणं थांबलं. तिच्याकडं ताट मागायला कुणी येईना. बाळंतिणी लेकरं घेऊन यायच्या, पहिला भंडारा कस्तुराबाईच्या हातचा पाहिजे म्हणायच्या, त्या तिच्या दारावरून पुढं जायला लागल्या. वाडीत मेंढरांना रोग आला तेव्हा डॉक्टर म्हणाले लस वेळेवर दिली नाही, पण बघणारे आईच्या घराकडे बघत होते. वाईट याचं वाटतं की आईलाही तेच खरं वाटत होतं. मी तिला सोलापूरला आणायला गेले तर म्हणाली, "नगं बाय. तुज्या घरावर कशाला आणू?"

उन्हाळा संपता संपता रेश्माला मुलगी झाली. बारसं सोलापुरात, मोठ्या हॉलमध्ये, कारण तोवर अभिमन्यूला महामंडळही मिळालं होतं. त्या इमानदारीचं बक्षीस दुसरं काय असणार? नातीच्या बारशाला मात्र आई आली. बिरोबाचा भंडारा कागदाच्या पुडीत बांधून, ती कमरेला खोचून आली. नातवंडाला पहिला भंडारा आजीनं लावायचा, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

जेवणाच्या पंगतीत पृथ्वीराज माझ्या शेजारी बसले. श्रीखंडानं मन मोकळं झालं असावं. हसत म्हणाले, "ताई, आता सांगायला हरकत नाही. तुमचा भाऊ दोन दिवस अडून बसला असता ना, तर द्यावंच लागलं असतं आम्हाला. वरून निरोप आला होता, अगदीच ऐकत नसला तर तलाव देऊन टाका. मराठवाड्याकडच्या एकाला नाही का पूल दिला? तोही असाच अडून बसला होता. पण त्याची आई वारलेली, आम्ही गाठणार कुणाला?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ताट त्यांच्या अंगावर फेकावं असं वाटलं, पण पाळण्याची वेळ झाली होती आणि बायका हाका मारत होत्या.

राजनंदिनी नाव ठेवलं. फोटोवाले पुढं सरसावले. आईनं कमरेची पुडी काढली, चिमूट घेतली आणि पाळण्यावर वाकली. अभिमन्यूनं तिचं मनगट धरलं. हळूच धरलं, फोटोत येऊ नये असं.

"आय, तू नगं," तो म्हणाला. "अक्का लावंल."

"का?" मी विचारलं. "का नको ते सांग की. सगळ्यांपुढं सांग."

त्याची नजर लेकीच्या कपाळावर होती आणि चेहऱ्यावर साधी, खरी भीती होती. इतके महिने मी स्वतःची समजूत घालत होते की शिकला-सवरला, मुंबईला गेला, याचा आता देवावर विश्वास उरला नाही, म्हणून आईनं कपाळाला भंडारा फासणं याला नुसती एक रीत वाटली असेल. तसं नव्हतं. विश्वास होता, पुरेपूर होता. आपण आईच्या माथी काय ठेवलं हे त्याला त्या दिवशीही नीट माहीत होतं. मला त्याची किळस आली.

"बराबर हाय त्येचं," आई म्हणाली. चिमूट तिनं पुडीत परत टाकली, बोटं पदराला पुसली. पुडी माझ्या हातात न देता तिनं खाली जमिनीवर ठेवली, तिच्या हातचं थेट माझ्या हाती येऊ नये म्हणून. "लाव गं. लेकरू खोळंबलंय."

मी ती पुडी उचलली नाही. शेवटी रेश्माच्या मावशीनं उचलली, बाळाच्या कपाळाला भंडारा लावला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.