बाराव्याच्या आतली तारीख

मंगल गेली हे मला वखारीत कळलं. तंबाखूच्या पोत्यांची थप्पी लावत होतो. फोन वाजला, बायकोचंच नाव दिसलं, म्हणून मी विचारलं, "काय गं, झालं काय काम?" पलीकडून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. "तुम्ही ह्यांचे कोण?" असं त्यांनी विचारलं.

निपाणीच्या स्टँडवर मंगल बाकावर बसली आणि तशीच कलंडली होती. मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला असं डॉक्टर म्हणाले. फोन करणाऱ्या बाई तोपर्यंत थांबल्या होत्या. त्यांनी मंगलची पिशवी माझ्या हातात दिली. त्यात शेवग्याच्या शेंगा होत्या आणि रूपालीचे दोन दाखले होते, एक जातीचा आणि एक उत्पन्नाचा. नाडकचेरीतून, म्हणजे आमच्याकडच्या महसूल ऑफिसातून, त्याच दिवशी मिळालेले.

रूपाली आमची एकुलती एक. बारावी झाली, अठरा पूर्ण झाली. तिला बेळगावला मच्छेच्या बाजूला एका संस्थेत साचे आणि हत्यारं बनवायचा डिप्लोमा करायचा होता. शिकायला तीन वर्षं, त्यातच कारखान्यातलं काम. कागलला मामाकडं राहून ती शिकली. मामा जोतिबा तिथल्या कारखान्यात मशीनवर आहे. त्याच्यामुळं तिला लोखंडाची गोडी लागली. अर्ज मायलेकींनी निपाणीत कॉम्प्युटरवाल्याकडं बसून भरला होता. आता मूळ कागद घेऊन संस्थेत तपासणीला जायचं होतं. पोरगी आणि पालक, दोघांनी. शेवटची तारीख मंगलनं मला दोनदा सांगितली होती.

ती तारीख बाराव्याच्या आत आली.

मुलगा नसल्यानं अग्नी मीच दिला, डोकंही मीच भादरलं. आमच्या गावात रीत अशी आहे की अग्नी देणाऱ्यानं बाराव्यापर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. मृताच्या मागं घर उघडं पडतं असं म्हणतात. माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या आण्णाप्पाअण्णानं ती पाळली होती. त्याची म्हैस पलीकडच्या शिवारात गेली, तर तो ओढ्याच्या अलीकडं उभा राहून हाका मारत होता.

रक्षाविसर्जन झालं आणि दुपारी भावकी सोप्यात बसली. आण्णाप्पा माझा थोरला भाऊ. त्यानं विषय काढला. कडोलीचं एक स्थळ आहे, पोरगा पतसंस्थेत कामाला आहे, माणसं चांगली आहेत. घरात असं झाल्यावर लग्न एकतर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबायचं. तेव्हा दिवाळीनंतर उरकून टाकू, असं त्याचं म्हणणं. कुणी वाईट बोललं नाही. बिनआईची पोरगी घरात कशी ठेवणार, एवढीच सगळ्यांची काळजी होती.

मी म्हणालो, तिला बेळगावला डिप्लोमाला घालायचं आहे, आणि कागद दाखवायला दोन दिवसांत जावं लागेल.

आण्णाप्पानं माझ्या डोक्याकडं बघितलं. "भरमा, अग्नी कुणी दिलाय?"

"म्या दिलाय."

"मग तू कसा जातोस?"

मी टोपी डोक्यावर घातली. त्याला वाटलं, विषय मिटला.

संध्याकाळी रूपाली चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "आप्पा, ऱ्हाऊ दे ह्या वर्षी. पुढच्या वर्षी भरू." मला माहीत होतं, पुढच्या वर्षी ती कडोलीत असेल. तिलाही माहीत होतं. तरी ती ते म्हणाली, कारण मला भावकीत अडचण नको होती तिला.

मी सांगितलं, कागद एका पिशवीत भर. मंगल असती तर तिनं विचारलं नसतं, ती गेली असती. तिला जायला मिळालं नाही, म्हणून मी जाणार होतो. एवढाच हिशेब होता.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. ओढ्यापलीकडं फाट्यावर गाडी थांबते, म्हणजे शीव चालतच ओलांडावी लागते. रूपाली ओढ्याच्या अलीकडं थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं झालो. मागून तिच्या चपलांचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं.

संस्थेत गर्दी होती. माझी टोपी आणि डोकं बघून एकानं रांगेत पुढं जागा दिली. मी नको म्हणालो. ज्याचा त्याचा नंबर ज्याला त्याला. खिडकीतले साहेब आधी कानडीत बोलले. मी कानडी बोलतो, पण त्यांनी माझं कानडी ऐकलं आणि मराठीवर आले. कागद एकेक बघितले. गुणपत्रक बरोबर. जातीचा दाखला बरोबर. मग शाळेच्या दाखल्यावर बोट ठेवून थांबले.

"आठवी ते बारावी कागलला?"

"व्हय. मामाकडं."

"कागल महाराष्ट्रात येतं."

ते मला ठाऊक होतं. आमच्या गावातून कागल दिसतं म्हटलं तरी चालेल. आमच्याकडं निम्मी पोरं असंच करतात. मामा, मावशी, आत्या पलीकडं असते, शाळा मराठी असते, पोरगं तिकडं राहतं. त्यात कुणी राज्य बदलतंय असं कुणालाच वाटत नाही. मंगलनं कोल्हापूरच्या बाजूला एका ठिकाणी विचारलं होतं. ते म्हणाले, तुमचं घर कर्नाटकात आहे, वेगळा दाखला आणा. आता इकडं साहेब म्हणत होते, पोरगी शिकली महाराष्ट्रात. आम्ही तिला दोन्हीकडची म्हणून वाढवली आणि दोन्ही खिडक्यांवर ती बाहेरची ठरत होती.

रूपालीनं कागद पिशवीत भरायला घेतले. मी तिचा हात धरला.

"साहेब, पयली ते सातवी गावात शिकलीय. आमच्याच शाळंत."

साहेबांनी मान वर केली. ते म्हणाले, मग सात वर्षं भरतात. इथं सात वर्षं शिकल्याचा दाखला लागतो, ती सलग शेवटचीच पाहिजेत असं काही नाही. पण नुसती मुख्याध्यापकांची सही चालणार नाही, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही आणि शिक्का पाहिजे. आणि उद्या संध्याकाळी खिडकी बंद होते.

"उद्या आणतो," मी म्हणालो.

"निपाणीहून परत येणार?"

"आलतो तसाच येतो."

त्यांनी एका चिठ्ठीवर कानडीत दोन ओळी लिहून दिल्या. म्हणाले, तिथं ही दाखवा, म्हणजे काय पाहिजे ते विचारत बसणार नाहीत.

गावात परतलो तेव्हा दिवस कलला होता. सुनंदाबाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळ बेळगावच्या, पण बरीच वर्षं गावातच राहतात. मी त्यांच्या फाटकाबाहेर उभा राहून हाक मारली. त्या आत या म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, सुतक आहे. त्यांनी फाटक उघडं टाकलं, किल्ली घेतली आणि आम्ही शाळेकडं चालत गेलो. मी व्हरांड्याच्या पायरीखाली थांबलो. त्यांनी जुनी रजिस्टरं काढली, रूपालीचं नाव सापडलं, पहिलीपासून सातवीपर्यंत. दाखला लिहिता लिहिता म्हणाल्या, "मंगलबाई दर वर्षी पालकसभेला यायच्या. तुम्ही एकदाही आला नाहीत."

"वखार सुटायची न्हाय बाई."

"आता आलात," त्या म्हणाल्या आणि सही करून शिक्का उमटवला.

दुसऱ्या दिवशी शिक्षण ऑफिस उघडायच्या आधी आम्ही दोघं निपाणीत दारात होतो. अधिकारी चिक्कोडीला बैठकीला गेले आहेत, दुपारी येतील, असं कळलं. दुपारपर्यंत थांबलो तर बेळगावची खिडकी गाठणं अवघड होतं. रूपालीनं कारकुनाला विचारलं, साहेब बैठकीतून कधी मोकळे होतील, आणि चिक्कोडीत नेमके कुठं आहेत. ती बोलत होती ते मला आवडलं. कारकुनानं चिठ्ठी वाचली आणि फोन लावून दिला. साहेब म्हणाले, या इकडंच.

आम्ही चिक्कोडीला गेलो. बैठकीच्या हॉलबाहेर साहेबांनी दाखला वाचला, रूपालीला विचारलं, "टूल अँड डाय? मुली घेतात का?" ती म्हणाली, "अर्जात मुलींना बंदी लिहिलेली नाही, सर." साहेब हसले, सही केली. शिक्का निपाणीत होता. पुन्हा निपाणी. शिक्का मारला आणि तिथून बेळगावची गाडी धरली.

खिडकीवर पोचलो तेव्हा साहेब कागद आवरत होते. त्यांनी दाखला घेतला, उलटसुलट करून बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि पोचपावती छापून दिली. म्हणाले, "यादीत नाव येईल. गुण चांगले आहेत."

अंधार पडताना घरी आलो. आण्णाप्पा सोप्यात बसला होता. बरोबर भावकीतली चार माणसं होती आणि कोपऱ्यात आमची गुणाबाई आत्या. दोन दिवस मी शीव ओलांडली हे सगळ्या गावाला कळलं होतं. आण्णाप्पा ओरडला नाही. तो म्हणाला, रीत मोडलीस, आता बाराव्याला भावकी जेवायला येईल का नाही हे मी सांगू शकत नाही. कडोलीच्यांना मी शब्द देऊन बसलोय, त्यांना काय सांगू?

मी म्हणालो, अण्णा, येणं न येणं ज्याच्या त्याच्या मनावर. मी मंगलचं काम पुरं करायला गेलतो, हिंडायला गेलो नव्हतो.

"आणि लग्न? वर्स सरलं म्हंजी तीन वर्सं अंगाला हळद लागत न्हाय पोरीच्या. म्हाईत हाय न्हवं?"

तेव्हा गुणाबाई आत्या बोलली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्यानं बोलते. "रूपे, तुझा कोरस किती वर्साचा गं?"

"तीन, आत्याआज्जी."

"मग झालं की. आण्णाप्पा, रीतच सांगत्या तीन वर्सं थांबा म्हणून. भरमा रीत मोडतोय कुठं? तो तर तुझ्यापक्षा कडक पाळाय लागलाय."

एकजण हसला. मग दुसरा. आण्णाप्पानं चंची काढली, तंबाखू चोळली, तोंडात टाकली. उठताना म्हणाला, "आत्ये, तुझ्या तोंडाला लागून कोण जिकलाय?" कडोलीला तो काय सांगायचं ते सांगेल, पण पोरीचं मन लागलं नाही तर पुढच्या वर्षी त्याच्याकडं बोट दाखवायचं नाही, असं मला बजावून तो गेला.

बाराव्याला भावकी आली. दोन घरं आली नाहीत. आण्णाप्पा आला, वाढायला उभा राहिला, माझ्याशी मीठभाकरीपुरतंच बोलला.

यादीत रूपालीचं नाव आलं. पहिल्याच फेरीत. गेल्या आठवड्यात मूळ कागद जमा केले, फीचा पहिला भाग भरला. जोतिबा मामानं तिला जाड तळव्याचे बूट घेऊन दिले. वर्कशॉपमध्ये चप्पल चालत नाही. ती ते घालून अंगणात चालायची सवय करते. पुढच्या सोमवारी वर्ग सुरू होतात. रोज निपाणीहून बेळगाव जमणार नाही, हॉस्टेल पाहिजे. जागा थोड्या आहेत. खिडकीतले साहेब म्हणाले, ज्या मुलींना आई किंवा वडील नाहीत त्यांचा अर्ज आधी बघतात, फक्त मृत्यूचा दाखला जोडा.

हॉस्टेलचा अर्ज रूपालीनं भरून ठेवला आहे. माझी सही झाली आहे. मंगलच्या मृत्यूचा दाखला निपाणीच्या नगरपालिकेतून आणायचा आहे. तो आणायला मी अजून गेलेलो नाही.