खिळा ठोकायची परवानगी

घर बघायला गेल्यावर काय काय विचारायचं, हे सिस्टरना त्यांच्या धाकट्या भावाने आठवडाभर पढवून ठेवलं होतं. भाडं किती येईल, भाडेकरू टिकतात का, उद्या विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक मिळेल का. सिस्टर पडल्या नवशिक्या. 'गुंतवणूक' हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडात अजून नव्या कवळीसारखा सैल होता. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून राबल्या, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहिल्या, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, एक छोटंसं घर घे आणि भाड्याने देऊन टाक. तू राहा आमच्याकडे. बसल्या जागी पैसे येत राहतील." यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

भाऊ गुणाचा होता, भावजय त्याहून गुणाची. भाचीने तर आपली खोली आत्याला देऊन टाकली होती. त्या खोलीच्या भिंतींवर तिची चित्रं, तिची बक्षिसं, तिच्या मैत्रिणींचे फोटो. तळहाताएवढी जागा रिकामी नव्हती. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ सिस्टरच्या पलंगाखाली खोक्यातच पडून होतं. एखादं चित्र काढ म्हटलं असतं तर पोरीने हसत काढलं असतं. म्हणूनच सिस्टर कधी म्हणाल्या नाहीत.

क्वार्टरमध्ये खिळे ठोकायला सक्त मनाई होती. नोकरीत नव्या असताना त्यांनी आईच्या फोटोसाठी एक ठोकला होता. मेट्रनबाईंच्या नजरेला तो पडला आणि त्यांनी सगळ्यांदेखत अशी खरडपट्टी काढली की सिस्टरनी कानाला खडा लावला. खिळा उपटला, भोकात पांढरी टूथपेस्ट भरली, वरून बोट फिरवलं. आई ट्रंकेत गेली ती आजतागायत ट्रंकेतच होती. तेव्हापासून कुणाकडेही गेल्या की सिस्टरची नजर आधी भिंतींवर जायची. लोकांना वाटायचं, बाई रंग बघतात.

त्यामुळे एजंटने पहिलं घर दाखवलं तेव्हा पढवलेलं सगळं त्या विसरल्या आणि भलतंच विचारून बसल्या, "इथे खिळा ठोकता येईल का हो?"

एजंटने मांडीवर थाप मारली. "वा! आपले नवे लोक हाच प्रश्न विचारायला विसरतात. अजिबात ठोकू द्यायचा नाही. करारातच घालू आपण. भाडेकरू भिंतींची चाळण करून जातात."

"ताई मुळातच हुशार," भाऊ कौतुकाने म्हणाला. पुढच्या घरात त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि त्यांचा भाव आणखी वधारला.

शेवटचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली, स्वयंपाकघर, आणि उभं राहून चहा प्यावा एवढी गॅलरी. आधीची भाडेकरीण त्याच दिवशी सोडून चालली होती. सामान खाली टेम्पोत चढत होतं आणि ती स्टुलावर उभी राहून भिंतीवर काहीतरी दाबत होती. सिस्टर जवळ गेल्या. तिच्या हातात टूथपेस्टची ट्यूब होती.

"डिपॉझिट कापतात ना," ती ओशाळून म्हणाली. "वाळलं की कळत नाही."

"कळतं," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याला कळतंच."

भिंत उन्हाने पिवळी पडली होती. फोटो जिथे होते तिथे मात्र स्वच्छ चौकोन उरले होते. एक लहान, एक मोठा, आणि दाराच्या वर घड्याळाचा एक गोल. त्या गोलाकडे बघता बघता सिस्टरना आपली ड्यूटी आठवली, दुसऱ्यांच्या उशाशी काढलेल्या रात्री आठवल्या, आणि आपलं म्हणावं असं एक तरी भोक आपल्याला हवं होतं, असं वाटून गेलं. या वयात असलं काही हवं वाटावं याची त्यांना लाजही वाटली.

"भिंत बघितलीत ना?" एजंट कुजबुजला. "यावरून भाव पाडू आपण."

भाडेकरीण पुढच्या भोकाकडे वळली. दारावरच्या, त्या गोलाच्या मधल्या.

"ते नका बुजवू," सिस्टर एकदम म्हणाल्या. "तुमच्या डिपॉझिटचं मी बघते."

"अहो, पण नवा भाडेकरू काय म्हणेल?" एजंट हबकलाच. "बरं, भाडेकरू कसा हवा ते तरी सांगा. कुटुंब चालेल की एकटा?"

"एकटी," सिस्टर म्हणाल्या. "मीच."

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. एजंटकडे पाठ करून तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, आमच्याकडे काय कमी पडलं गं तुला?"

"काही नाही रे राजा. कमी पडलं असतं तर कधीच बोलून मोकळी झाले असते." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायच्या तसा. "तुझ्या घरात सगळं आहे. पण मला आईला ट्रंकेतून बाहेर काढायचंय."

भावाने डोळे पुसले आणि एजंटला विचारलं, "पाण्याची वेळ काय इथली?" गुंतवणूक करणाऱ्याच्या डोक्यात हा प्रश्न येत नाही.

भाडेकरीण स्टुलावरून उतरली. पदराच्या गाठीत बांधलेले खिळे तिने सोडले आणि त्यातला एक निवडून सिस्टरच्या हातावर ठेवला.

"दारावरचा आहे," ती म्हणाली. "त्या भोकात हाच नीट बसतो."

सिस्टरनी मूठ मिटली. जिना उतरताना भावाने आधाराला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी दुसरा हात दिला.