बिनचिठ्ठीच्या बाटल्या

बाटलीच्या टोपणावरच्या त्या काळ्या रबराला डावीकडे एक बारीक चीर होती – ही चीर आजवर दिसली कशी नाही, की दिसत होती आणि तिच्याकडे बघायची गरजच कधी पडली नव्हती... सहाही बाटल्या सारख्या, तपकिरी काचेच्या, आणि एकीवरही चिठ्ठी नाही. साबण करायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिनं कधी लावलीच नव्हती. टोपण उघडलं की कळतं, ज्यांना नाक नाही त्यांनी चिठ्ठ्या लावाव्यात, असं तिचे साबण विकायला नेणाऱ्या दुकानवाल्या बाईला एकदा ऐटीत सांगून झालं होतं. गर्वाचं घर खाली, दुसरं काय.

टोपण काढून तिनं बाटली नाकाशी नेली. काच गार लागली, एवढंच. चार महिन्यांपूर्वीचा तो ताप आठव्या दिवशी उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. तिनं बाकी कोणाला सांगितलं नाही. बाटली हुंगायची, भुवया किंचित वर करायच्या, मान हलवायची – इतके महिने हा चेहरा व्यवस्थित चालला, कारण बाटल्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. डावीकडून तिसरी लव्हेंडर, अगदी उजवीकडे लवंग. साबण नेहमीसारखे झाले, दुकानातून तक्रार नाही. मग परवा तिच्या डोळ्यांदेखत दूध करपलं, बाहेरच्या खोलीतून नवरा धावत आला, आणि ती गॅससमोरच उभी होती... दुधाचं मला कळलं नाही, खरं आहे. पण साबणाचं कळतं की नाही, हे कोणी विचारलं का?

सकाळी चहा गाळताना तो म्हणाला होता, "दुपारी ती दुकानवाली बाई येणार ना? मी बोलतो तिच्याशी. प्रकृतीचं कारण सांगू."

"कशाचं कारण?"

"हे बंद करण्याचं. अगं, उगाच चारचौघांत कळायला नको. अत्तरवाला आंधळा असला तरी एक वेळ चालतं, पण..." पुढचं त्यानं चहाबरोबर गिळलं. "आणि मागची खोली मोकळी होईल. तुला आराम."

तिला राग आला होता. त्याच्या बोलण्याचा नव्हे, त्यातल्या मायेचा. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. अंगावर शाल घालायला आलेल्या माणसाला काय सांगणार, की मला थंडी वाजत नाहीये? ती मागच्या खोलीत आली आणि तिनं तराजू काढला. लव्हेंडरच्या चाळीस वड्यांची मागणी होती, आणि त्या ती आज, त्याच्या नाकावर टिच्चून, ओतणार होती.

चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी. पाण्यात कॉस्टिक सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. पातेलं तापलं, वाफ खिडकीकडे वळली. खोबरेल, एरंडेल, दोन्ही मोजून ठेवलेली. पातेल्याच्या बाहेरून तळहात लावला की पुरेसं निवलंय का ते समजतं, त्यासाठी नाक लागत नाही. मग तेलं ओतली, ब्लेंडर फिरला. मिश्रण सायीसारखं झालं, वर रेघ ओढली तर क्षणभर टिकू लागली... आता वास. डावीकडून तिसरी.

तिनं बाटली ओतली, दोनदा ढवळलं, आणि तिसऱ्यांदा चमचा हललाच नाही.

पातेल्यात चमचा खांबासारखा उभा. ओल्या मातीसारखा गोळा, आणि हातमोज्यातूनही जाणवेल असा गरम. चाळीस वड्यांचा माल, दुपारी बाई दारात, आणि बाहेर तो, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं न म्हणता फक्त बघणार. मग तिला बाटल्यांची फळी दिसली. स्वच्छ, पुसलेली. परवाच्या दुधानंतर त्यानं मदत म्हणून सगळी खोली आवरली होती आणि बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या होत्या, सगळ्या एकाच उंचीच्या असताना.

पण हा गोळा... हा गोळा तिच्या ओळखीचा होता. नऊ वर्षांपूर्वी असाच चमचा अडकला होता. ती रडली होती, आणि मग तो साबण हातानं दाबून साच्यात भरला होता. महिनाभर वाळल्यावर त्या खडबडीत वड्या दुकानात देण्यासारख्या नव्हत्या, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या अंघोळीला काढल्या. सासूबाईंनी जन्मात कशाला चांगलं म्हटलं नव्हतं. नवरा म्हणायचा, देव भेटला तरी आई त्याच्यात खोट काढेल. त्यांनी ओला हात नाकाशी नेला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "बरा आहे." ते दोन शब्द तिला लख्ख आठवतात. तो वास मात्र शोधला तरी सापडत नाही, नुसती ओली पाठ, टॉवेल, आणि ते दोन शब्द.

लवंग होती ती. साबणाला एका क्षणात दगड करणारी लवंगच.

ती मोठ्यानं हसली. नाकानं फसवलं, पण हाताला कळलं! मग उरलेल्याही कळतील. तिनं गोळा साच्यात दाबून भरला, एक ढेकूळ तसंच ठेवलं, आणि नव्यानं थोडं मिश्रण केलं. पाच वाट्या, प्रत्येकीत एका बाटलीचे चार थेंब. एक कडेनं तांबूस होऊ लागली, ती व्हॅनिला. एका बाटलीचा थेंब तेलात कालवून मनगटाला लावला तर गार झोंबला, तो पुदिना. एक पांढरी, पातळ, शहाण्या मुलीसारखी बसून राहिली, ती लव्हेंडर. दोन पिवळट झाल्या – संत्रं आणि गवती चहा, पण कुठली कोणती, ते काही केल्या कळेना. तिनं कागद कापला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. लवंग. व्हॅनिला. पुदिना. लव्हेंडर. आणि राहिलेल्या दोघींवर, तितक्याच ठसठशीत अक्षरात, माहीत नाही.

सहाही चिठ्ठ्या तिनं एकेका बाटलीला चिकटवल्या.

बेल वाजली. बाहेर खुर्ची सरकली आणि नवरा मागच्या खोलीच्या दारात आला. त्यानं वाट्या पाहिल्या, चिठ्ठ्या वाचल्या, शेवटच्या दोन पुन्हा वाचल्या.

"केवढा वास सुटलाय," तो म्हणाला आणि ओशाळला. "तू थांब. मी सांगतो तिला."

"तुम्ही बसा."

"अगं, पण सांगणार काय आहेस?"

काय सांगणार? मला वास येत नाही. लव्हेंडर आज नाही, उद्या करीन. फळीला हात लावायचा नाही, हे मात्र तुम्हाला... बाई परत येईल, न येईल. नाक मुरडेल, किंवा बसून चहा घेईल. तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याची जी धास्ती चार महिने छातीवर बसली होती, ती आत्ता जागेवर नव्हती.

तिनं हातमोजे काढले नाहीत. लवंगेचं ते ओबडधोबड ढेकूळ उचललं, सवयीनं नाकाशी नेलं. काही नाही. नवरा तिच्याकडे बघत होता. तिनं भुवया वर केल्या नाहीत, मान हलवली नाही. जसा होता तसाच चेहरा घेऊन ती बाहेरच्या दाराकडे निघाली.