तोकिमोरीचा खांदा

शबनमचा फोन आला तेव्हा अवी तळोज्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. नंबर ओळखीचा नव्हता, पण आवाज त्याने ऐकताच ओळखला. नावेदची धाकटी बहीण. नावेद जाऊन तीन महिने झाले होते आणि या तीन महिन्यांत अवी त्याच्या घरी एकदाही फिरकला नव्हता.

"अवीभाई, एक काम होतं. भाईचं सामान दोह्याहून आलंय. त्यात ते खेळणं आहे, जपानी. मुंबईचा एकजण विकत मागतोय. अम्मी म्हणते, आधी अवीला दाखव. याल का?"

"येतो," अवी म्हणाला.

कुठलं खेळणं, हे विचारायची गरजच नव्हती.

नावेद आणि अवी पनवेलच्या कॉलेजात एका बाकावर बसायचे. एक मोहल्ल्यातला, एक ज्यूंच्या सिनेगॉगच्या आळीतला. दोघांनाही जपानी कार्टूनचं वेड. घासून घासून चरे पडलेल्या सीड्यांवर ते ती पाहायचे, आणि पुढे नोकऱ्या लागल्यावर त्यातल्या पात्रांच्या सांध्यासांध्यांतून वळणाऱ्या बाहुल्या जमवू लागले. बाहुली म्हटलेलं नावेदला आवडायचं नाही. "फिगर म्हण रे, फिगर. बाहुली हुदाची असते," म्हणायचा. हुदा ही शबनमची मुलगी.

तोकिमोरी ही अवीची सगळ्यात लाडकी फिगर. शिंगांचं शिरस्त्राण, पांढरं चिलखत आणि तीस ठिकाणी वळणारं वीतभर उंचीचं शरीर. २००९ साली, पाच महिने वाट पाहिल्यावर, ती जपानहून पोस्टाने आली. पेटी उघडली तेव्हा नावेद शेजारीच होता. दोन वर्षांनी फोटो काढायला म्हणून त्याने ती आठवडाभर मागून नेली आणि परत आणली ती वाशीला, जमवणाऱ्या सात-आठजणांच्या बैठकीत. अवीने सगळ्यांसमोर पेटी उघडली. उजव्या खांद्याला, हात जिथे धडात बसतो तिथे, केसाएवढी चीर होती. हात लुळा लोंबत होता.

"मी फक्त हात वर केला," नावेद म्हणाला. "जोर नाही लावला, कसम से."

"मग आपोआप मोडला का?"

"मला नाही माहीत. पण माझ्या हातून नाही मोडला."

अवी त्या दिवशी बरंच बोलला. निष्काळजी म्हणाला, खोटारडा म्हणाला. वस्तू सांभाळायची अक्कल नसेल तर मागू नये, असंही म्हणाला, आणि शेवटी पेटी त्याच्यापुढे ढकलली. "तुझ्याकडेच ठेव. मला मोडका माल नको." बाकीचे आपापल्या चहात बघत राहिले. नावेदने पेटी उचलली आणि निघून गेला. पुढच्या वर्षी जासईच्या कंटेनर यार्डातली नोकरी सोडून तो आखातात, दोह्याला गेला. त्याची खबर मग इतरांकडूनच कळत राहिली. तो गेल्याची खबरही तशीच कळली. एकतिसाव्या वर्षी, कामावरच, हृदय बंद पडून.

रविवारी दुपारी अवी मोहल्ल्यातला तो ओळखीचा जिना चढला. दार शबनमने उघडलं. आत पलंगावर नावेदची आई, झुबेदाखाला, बसल्या होत्या. पूर्वी त्या अवीला बघताच उठून समोर यायच्या. आज त्यांनी नुसती मान हलवली.

"बस, बेटा. बरा आहेस?"

"बरा आहे, खाला."

शबनमने पेटी आणून समोरच्या टीपॉयवर ठेवली. अवीने हात धुतले, पुसले, खिशातलं भिंग आणि छोटी बॅटरी काढली. हे काम त्याच्या हातांना पाठ होतं. निदान त्यात तरी आपल्याला चुकल्यासारखं होणार नाही, असं त्याला वाटलं.

पेटीचे कोपरे थोडे दबले होते, पण रंग उतरला नव्हता. आतल्या साच्यात सगळं जागच्या जागी होतं. पंजांच्या तीन जोड्या, दोन चेहरे, तलवार, उभं करायचा दांडा. सुट्या भागांतला एकही हरवला नव्हता. एवढी वर्षं दोह्यातल्या चारजणांच्या खोलीत राहून एवढीशी तलवार सांभाळणं सोपं नाही. पांढरं चिलखत किंचित पिवळट झालं होतं, पाठीवर प्लास्टिक जरासं चिकट लागत होतं. जुन्या फिगरचं होतंच तसं.

मग त्याने खांद्यावर उजेड धरला. चीर तशीच होती. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, कसला उपाय केल्याची खूण नाही.

"मी किती वेळा म्हटलं भाईला, फेविक्विक लावून टाक," शबनम म्हणाली. "तर म्हणायचा, नको, खूण बुजेल. अवीला एकदा नीट दाखवायचंय."

अवीने मान वर केली नाही. त्याने डाव्या खांद्यावर उजेड धरला. तिथेही चीर होती, नेमकी त्याच जागी. मांडीचं चिलखत हळूच सरकवून पाहिलं. दोन्ही खुब्यांना तशाच रेषा, आतल्या धातूच्या पिनेभोवती फुटलेल्या. गुडघ्यांवर, कोपरांवर कुठेच घासल्याची खूण नव्हती. ज्याने कुणी ही हाताळली त्याने फुलासारखी हाताळली होती.

हे सगळं तो भिंग काढायच्या आधीपासून जाणून होता. तेच त्याला सोसवेना. २०१५ साली एका दुपारी, डबा खाता खाता, एका जपानी जमवणाऱ्याचं लिखाण मोबाइलवर मोडक्यातोडक्या भाषांतरात त्याने वाचलं होतं. पहिल्या खेपेच्या तोकिमोरीत पिनेभोवतीचं प्लास्टिक काही वर्षांनी आतूनच तडकतं. न उघडलेल्या पेट्यांतल्याही तडकल्या. वाचून त्याचा घास तोंडात फिरत राहिला. नावेदचा दोह्याचा नंबर त्याने एका मित्राकडून मिळवला. रविवारी करू म्हणाला. रविवारी वाटलं, फोनवर नको, सुट्टीवर येईल तेव्हा समोरासमोर बोलू. मग ईद गेली, नावेद सुट्टीवर येऊन परत गेला, आणि दर वेळी अवीने ते पुढे ढकललं. सातजणांसमोर एवढं बोललो, आता कुठल्या तोंडाने? असं करता करता दीड वर्ष गेलं.

"काय झालंय त्याला?" झुबेदाखालांनी विचारलं.

अवीने भिंग खाली ठेवलं. "खाला, हा खांदा नावेदच्या हातून मोडलेला नाही. याच्या बनावटीतच खोट होती. कुणीही काहीही केलं नसतं तरी हा असाच तडकला असता. तो खरं सांगत होता."

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला.

"हे तुला आत्ता कळलं?" झुबेदाखाला म्हणाल्या.

हो म्हणणं सोपं होतं. हातात भिंग होतं, बॅटरी होती, सगळ्यांच्या देखत तर त्याने तपासलं होतं. 'आत्ताच' एवढं म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी त्याला जवळ घेतलंही असतं.

"नाही," तो म्हणाला. "दीड वर्षापूर्वी."

"दीड वर्ष?" शबनमचा आवाज चढला. "म्हणजे भाई होता तेव्हा! गेल्या ईदला महिनाभर इथे होता तो, अवीभाई. याच घरात. तुमचं घर किती लांब आहे इथून?"

"शबनम, राहू दे."

"कशाला राहू दे, अम्मी? एक फोन करायचा होता यांना, एक!"

ती रडत आत गेली. अवीला वाटलं, उठावं, पण तो बसूनच राहिला.

झुबेदाखालांनी त्या फिगरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दर जुम्म्याला फोन यायचा त्याचा. सगळ्यांचं विचारून झालं की मग म्हणायचा, अम्मी, अवी दिसतो का गं बाजारात? मी सांगायची, दिसतो, बरा आहे. एवढंच विचारायचा. कधी तुझ्याबद्दल वाईट बोलला नाही."

अवीच्या तोंडून आवाज फुटला तो रडण्याचाच. तिशी उलटलेला माणूस, गुडघ्यांवर कोपरं टेकून तो परक्यासारखा त्या घरात रडला. पूर्वी याच घरात तो न विचारता पातेल्याचं झाकण उघडायचा. झुबेदाखालांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात मात्र ठेवला नाही.

थोड्या वेळाने शबनम तोंड धुऊन बाहेर आली. हातात वहीचा फाडलेला कागद आणि पेन होतं. "लिहून द्या. जे आत्ता बोललात ते. मराठीत, नीट."

अवीने लिहिलं. वस्तूचं नाव, कुठे कुठे चिरा आहेत, त्या कशाने पडल्या. मग पेन थांबलं. त्याने पुढे लिहिलं: 'यात नावेदचा काहीही दोष नव्हता. दोष माझा होता. मला हे आधीच कळलं होतं, मी त्याला सांगितलं नाही.' खाली पूर्ण नाव घातलं, तारीख घातली.

झुबेदाखालांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. शबनमने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "परत वाच." तिने परत वाचलं. मग त्यांनी कागद मागून घेतला, घडी घातली आणि कपाटातला नावेदचा पासपोर्ट काढून त्यात ठेवला.

"त्या मुंबईवाल्याला काय सांगू?" शबनमने विचारलं. अवीकडे बघून नाही, आईकडे बघून.

"नाही म्हणून सांग. घरातच राहील."

शबनम फिगर उचलायला गेली. तोल सांभाळायला तिने फिगरचा हात धरला, तसा अवी घाईने म्हणाला, "हाताला नको, कमरेला धर." तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कमरेला धरून एकेक भाग साच्यात ठेवू लागली. तलवार कुठे बसते ते तिला कळेना. अवीने बोटाने दाखवलं.

तो उठला. दारात सवयीने म्हणाला, "येतो, खाला."

या घरात यावर "ये हो, बेटा," असं आतून यायचं, कधी स्वयंपाकघरातून, कधी नमाजाच्या चटईवरून उठता उठता. झुबेदाखालांनी मान हलवली. ते हो होतं की नुसतं ऐकलं असं होतं, हे अवीला कळलं नाही. तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला. मग शबनम दाराशी आली, आणि ती दार लावू पाहतेय हे लक्षात येऊन तो जिना उतरू लागला.