होमकमिंगचं अस्वल

मी एक जुना, अंगाला कुबट वास येणारा अस्वलाचा पोशाख आहे. जुना म्हणजे किती, तर मला शिवणाऱ्या लिंडक्विस्ट बाईंच्या नातीसुद्धा या शाळेतून शिकून बाहेर पडल्या. बाईंनी मुलींना शिवण शिकवता शिकवता मला बेतलं, तारेच्या सांगाड्यावर डोकं चढवलं आणि तोंडात काळी जाळी बसवली. मित्रांनो, आत शिरणारा माझ्या तोंडातून जग बघतो.

आमची शाळा मिनेसोटातल्या एका लहानशा गावातली. वर्षाचे एक्कावन्न आठवडे मी व्यायामशाळेमागच्या कपाटात मोडक्या खुर्च्यांबरोबर पडून असतो. उरलेला एक आठवडा होमकमिंगचा. जुने विद्यार्थी गावी परततात, सोमवारी पोरं झोपायच्या कपड्यांत वर्गात येतात, मंगळवारी जोडीजोडीने सारखे कपडे घालून जुळी होऊन मिरवतात आणि शुक्रवारी शेजारच्या गावाशी फुटबॉलचा सामना. या सगळ्यात शाळेचा उत्साह म्हणजे कोण, तर मी! नाचायचं मी, लोळायचं मी, लहान पोरांनी शेपूट ओढली तरी टाळ्या वाजवायच्या मीच. कंटाळलो हो. पण विचारतो कोण?

आमची एक रीत आहे. अस्वलाच्या आत कोण आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, शिक्षकांनासुद्धा नाही. गेल्या वर्षीचं अस्वल गुपचूप पुढच्याला कपाटाची किल्ली देतं. आणि अस्वल आठवडाभर एक शब्द बोलत नाही. शुक्रवारी सामन्याच्या मध्यंतरात मैदानाच्या मधोमध डोकं उतरवायचं, मग सगळं गाव त्या मुलाचं नाव घेऊन ओरडतं. तेवढ्या ओरडण्यासाठी पोरं माझा वास सहन करतात.

यंदा किल्ली मारिट ऑल्सेनकडे आली. गेल्या वर्षीचं अस्वल तिच्या शेजारचा मुलगा होता. मारिट तीन वर्षं या शाळेत आहे, पण डबा एकटीच खाते. सोमवारी माझ्या आत शिरली आणि बाहेर पडताच चाळीसेक मुलांनी तिला मिठ्या मारल्या. आत ती रडत होती, मला कळलं. ओल माझ्याच अस्तराला लागली ना! रोज घरी जाण्याआधी ती माझं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटायची, "शुक्रवारी ओरडतील ना रे माझं नाव?" मी काय सांगणार? मला भीती वाटत होती.

गुरुवारी संघाचा कप्तान क्लेटन व्यायामशाळेमागे तिच्याशेजारी येऊन बसला. अस्वल बोलत नाही, म्हणून लोक अस्वलाला काहीही सांगतात.

"खरं सांगू, अस्वला? मला हा खेळ नकोसा झालाय. बाबांना सांगायची हिंमत नाही."

मारिटने माझा जाडजूड पंजा त्याच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

शुक्रवार उजाडला. मध्यंतर झालं. ती मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिने डोकं उतरवलं.

कुणी ओरडलं नाही. पहिल्या रांगेतून आवाज आला, "अगं बाई, कोण ही?" दुसरी म्हणाली, "नवीन आलीय वाटतं." उपमुख्याध्यापक हेंड्री सर माइक घेऊन पुढे आले. त्यांनी तिला दोन वर्षं इतिहास शिकवला होता. तिच्याकडे पाहून हसले आणि माइक चालू आहे हे विसरून म्हणाले, "नाव काय गं तुझं, बाळ?"

सगळ्या मैदानाने ते ऐकलं. माझं डोकं तिच्या काखेत होतं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मारिट ऑल्सेन," ती म्हणाली. "तीन वर्षं आहे इथे."

थोड्या टाळ्या पडल्या, त्याही ओशाळलेल्या. तेवढ्यात क्लेटन धावत आला. चेहरा पांढराफटक. "तू? काल तू होतीस? कुणाला सांगितलंस?"

"अस्वल बोलत नाही," मारिट म्हणाली आणि माझे पाय ओढत मैदानाबाहेर गेली. सामना आम्ही हरलो.

तिने मला न धुताच कपाटात कोंबलं. मी तिला दोष देत नाही. सोमवारी दाराबाहेर पावलं वाजली, मागोमाग क्लेटनचा आवाज.

"मारिट! ए मारिट, थांब ना जरा. बाबांना सांगितलं मी."

"मग? काय म्हणाले?"

"भडकले. जेवले नाहीत. पण सांगितलं एकदाचं. डबा खायला आमच्यात बसतेस का?"

"तुझे मित्र हसतील."

"हसू देत की! चल."

पावलं लांब गेली. ती हो म्हणाली का, ते मला कळलं नाही. कपाटातून तेवढं ऐकू येत नाही.

मित्रांनो, मी आता थकलोय. शिवणी उसवल्यात, एक कान लोंबतोय. जमलं तर मला धुवा, उन्हात वाळवा, कान टाचून द्या. नाही जमलं तरी चालेल. पण तीन वर्षं तुमच्याच वर्गात बसलेल्या मुलीला भर मैदानात नाव विचारायची वेळ पुन्हा आणू नका. ते नाव माहीत असायला माझं डोकं उतरवावं लागत नाही.