चार नंबरचा बिल्ला

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही, मित्रांनो. माझ्यावर कुणी कधी खडूने अक्षर काढलं नाही. माझ्या अंगावर खिळे आहेत, दीडशे खिळे, सहा उभ्या रांगांत पंचवीस-पंचवीस. त्या खिळ्यांवर माणसांनी आपापले पितळी बिल्ले टांगायचे, एवढंच माझं काम. काम साधं आहे म्हणून हसू नका. माझ्यावर टांगलेल्या एका खोट्या बिल्ल्यापायी एका चांगल्या माणसाचा पाय गेला. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म जळगावच्या एका दालमिलमधला. मिलच्या सुताराने सागवानी फळ्या जोडून मला केलं. खिळे ठोकण्याआधी त्याने दोरी धरून खुणा केल्या होत्या, त्यामुळे माझी एकही रांग वाकडी नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो थोडा जास्तच आहे. मला फाटकाजवळच्या भिंतीवर लावलं. सकाळी कामगार यायचे, आपला नंबर कोरलेला बिल्ला माझ्यावर टांगायचे आणि आत जायचे. मुकादम माझ्याकडे एक नजर टाकायचा. फळा म्हणतो आला, म्हणजे आला. एवढा माझा मान होता.

पण खरं सांगू का? तेव्हाही माझ्यावर कधीकधी खोटा बिल्ला लागायचा. तूर भिजवायच्या खात्यात तोताराम आणि लोटन अशी जोडी होती. लोटन तापाने फणफणला की तोताराम त्याचाही बिल्ला गुपचूप टांगायचा आणि दिवसभर दोघांचं काम एकटा ओढायचा. लोटन घरी गोधडीत झोपलेला असायचा आणि इथे त्याची हजेरी लागलेली असायची. मुकादमाला कळायचं, पण तो दुसरीकडे बघायचा. मीही गप्प बसायचो. मला तर ते आवडायचंच. माणसं एकमेकांना धरून आहेत, असं वाटायचं.

पुढे मिलमध्ये अंगठ्याचं यंत्र आलं आणि मी गोदामात गेलो, रिकाम्या पोत्यांच्या मागे. किती वर्षं गेली, कोण मोजतो! अंगावर तुरीच्या भुशाचा थर चढला. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. दीडशे खिळे आणि टांगायला एक बिल्ला नाही, यासारखं वाईट काही नसतं.

तिथून मला बाहेर काढलं इसाकसरांनी. मिलचे मालक प्रेमराजशेठ यांनी फुटबॉलचा क्लब काढला होता. नाव वाघूर फुटबॉल क्लब. पगारी खेळाडू होते, राज्याच्या लीगमध्ये सामने होते, मेहरूणला तलावाजवळ मैदान आणि क्लबची खोली होती. इसाकसर तिथले प्रशिक्षक. त्यांचे वडील याच मिलमध्ये हमाल होते. गोदामात मला पाहताच सरांनी खिशातल्या रुमालाने माझा भुसा पुसला आणि म्हणाले, "शेठ, हा मला द्या. अब्बांचा बिल्ला इथेच लागायचा."

अशा रीतीने मी फुटबॉलवाला झालो. माझ्यासोबत तोतारामही आला. तो आता म्हातारा झाला होता. क्लबची खोली झाडणं आणि माझी देखभाल, ही दोन कामं त्याच्याकडे होती. सगळे त्याला तोतारामनाना म्हणायचे.

सरांचा नियम एकच होता. ज्याचा बिल्ला त्याचाच हात. क्लबमध्ये येणाऱ्याने स्वतः टांगायचा, सोडून जाणाऱ्याने स्वतः काढून न्यायचा. पहिल्या रांगेतला सर्वांत वरचा खिळा कर्णधाराचा. तिथे चार नंबरचा बिल्ला असायचा, शेहजादचा. शेहजाद बचावफळीत खेळायचा. अंगाने बुटका, पण उडी अशी की उंच-उंच गडी त्याच्यापुढे चेंडूला डोकं लावू शकत नसत. त्याचा हात माझ्या वरच्या खिळ्याला पुरायचा नाही. मग तो रोज सकाळी आल्यावर एक छोटी उडी मारून आपल्या बिल्ल्याला हात लावायचा आणि हसायचा. त्या उडीची मी वाट पाहायचो.

मग एक हंगाम फार वाईट गेला. आमच्यावर गोलांवर गोल झाले आणि संघ शेवटून दुसरा आला. आणखी एक हंगाम असा गेला असता तर लीगमधून बाहेर. शेवटचा सामना झाल्यावर इसाकसर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि पुढच्या वर्षीचा संघ बांधायला लागले. माझ्या पहिल्या चार रांगांना त्यांनी नावं दिली. राहणार, शंका, जाणार, येणार. जून संपायच्या आत पंचवीस नावांची यादी लीगच्या कचेरीत द्यायची होती. नंतर अर्ध्या हंगामापर्यंत त्यात बदल करता येत नसे.

प्रेमराजशेठ दर रविवारी येऊन बसायचे. त्यांचं एकच म्हणणं, "सर, गोल मारणारा आणा. लोक गोल बघायला येतात."

सर म्हणायचे, "शेठ, टाकीला खालून भोक आहे. वरून किती पाणी ओताल?"

भोक कुठे होतं हे सरांना माहीत होतं. आमच्यावरचे निम्मे गोल शेहजादच्या बाजूने झाले होते. त्याचं वय बत्तीस आणि उजवा गुडघा दुखरा. तो कुणाला सांगत नव्हता. पण उडी लहान झाली होती. ते मला दिसत होतं आणि सरांनाही.

सर एसटीने तीनदा धुळ्याला जाऊन आले. तिथे स्वप्नील नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा बचावफळीत खेळत होता. सरांनी त्याला शब्द दिला. त्या शब्दावर त्याने दुसऱ्या एका क्लबला नाही म्हणून सांगितलं. मे महिन्यात तो स्वतः जळगावला आला, नव्या कपड्यांत, आणि 'येणार'च्या रांगेत चोवीस नंबरचा बिल्ला त्याने स्वतःच्या हाताने टांगला. टांगून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन त्याने मोबाइलवर फोटो काढला. "आईला पाठवतो," म्हणाला.

आता बिल्ले सव्वीस झाले आणि जागा पंचवीस.

सरांनी शेहजादला बोलावलं. चहा दिला. मग म्हणाले, "शेहजाद, यंदा माझ्या शेजारी उभा राहा. माझा मदतनीस म्हणून. पोरांना शिकव. पगार तोच राहील, शेठशी बोललोय. गुडघा दाखवून घे, विश्रांती दे."

शेहजादने चहाला हात लावला नाही. "सर, उभं राहायला मी म्हातारा झालो का? अर्शी आता कुठे सात वर्षांची झालीय. तिने मला अजून नीट खेळताना पाहिलं नाही. एक संधी द्या. धावून दाखवतो."

सरांनी माझ्यावरच्या चोवीस नंबरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. मेहरूण तलावाला सहा फेऱ्या, पन्नास मिनिटांत. गोलरक्षक सोडून सगळ्यांनाच. पूर्ण केल्यास तर तू राहशील आणि मी स्वप्नीलला नाही सांगेन. नाही झाल्या तर माझं ऐकायचं."

"कबूल," शेहजाद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच मला टेम्पोत घालून तलावाकाठी नेलं आणि एका लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलं. धावणाऱ्यांनी आपापले बिल्ले काढून घेतले; पहिली फेरी झाली की बिल्ला पहिल्या रांगेत टांगायचा आणि मग दर फेरीला एक रांग पुढे सरकवायचा. सहाव्या रांगेत पोहोचला की पास. माझ्याजवळ तोतारामनाना घड्याळ घेऊन बसला. इसाकसर जवळच्या मैदानावर गोलरक्षकांची चाचणी घ्यायला गेले. जाताना म्हणाले, "मला काही बघायची गरज नाही. फळा सांगेल."

मित्रांनो, ते वाक्य मला अजून टोचतं.

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. शेहजाद मधल्या घोळक्यात होता. तिसऱ्या फेरीला तो सर्वांत शेवटी आला. बिल्ला सरकवताना त्याने माझ्या कडेला हात टेकला, तेव्हा त्याचा सगळा भार माझ्यावर आला. तो पुन्हा निघाला, पण वळणावरच्या झाडांशी जाऊन गुडघा धरून बसला.

चौथी फेरी घेऊन पोरं आली. त्यांत अल्तमश होता. संघातला सर्वांत धाकटा खेळाडू. त्याला चेंडू अडवायला शेहजादनेच शिकवलं होतं. आईवडिलांच्या मागे दोन वर्षं तो शेहजादच्या घरी राहिला, शेहजादची बायको खुशनुमा हिच्या हातचं जेवला. अल्तमशने आपला बिल्ला सरकवला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि चार नंबरच्या बिल्ल्याला हात घातला. तोतारामनानाशी नजरानजर होताच त्याचा हात थांबला.

म्हाताऱ्याने घड्याळ उपरण्याखाली झाकलं. "टांग पोऱ्या, टांग," तो हळूच म्हणाला. "मी काहीच देखं नही. गिरणीमा बठ्ठाच असं करेत."

गिरणीत सगळेच असं करायचे म्हटल्यावर अल्तमशने तो बिल्ला चौथ्या रांगेत टांगला. पुढच्या फेरीला पाचव्या रांगेत टांगला. सहाव्या वेळी शेहजाद झाडांतून मधल्या वाटेने लंगडत आला आणि शेवटच्या खिळ्यावर बिल्ला त्याने स्वतः टांगला. अल्तमश त्याच्याकडे बघून हसला. शेहजादला हसू आलं नाही.

सर आले. सहावी रांग पाहिली. चार नंबर होता. त्यांनी शेहजादला मिठी मारली, डोळे पुसले आणि तिथूनच धुळ्याला फोन लावला. स्वप्नीलला काय सांगितलं ते मी ऐकलं. यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. बिल्ला काढून न्यायला ये, असंही म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते सरांनी फोन ठेवल्यावर नानाला सांगितलं, "म्हणतो, राहू द्या सर तिथेच." दुसऱ्या क्लबची जागा तोवर भरून गेली होती. पुढे कळलं की तो महामार्गावर एका टायरच्या दुकानात कामाला लागला.

त्या दिवशी मी ओरडायला हवं होतं. लाकडाला तोंड नसतं हे खरं, पण एखादा खिळा तरी निसटायला काय हरकत होती? सगळे खिळे जागच्या जागी घट्ट राहिले. सुताराने काम चोख केलं होतं ना.

तिसरा सामना आमच्याच मैदानावर होता. खुशनुमा अर्शीला घेऊन पहिल्यांदा सामन्याला आली होती. मी क्लबच्या खोलीत भिंतीवर. खिडकीतून आरडाओरडा ऐकू येत होता, तो एकदम थांबला. मग एका लहान मुलीचं रडणं ऐकू आलं.

शेहजाद वळला होता, पण पाय वळला नव्हता. दोन शस्त्रक्रिया झाल्या. सरांनी सहा फेऱ्यांची चाचणी सांगितली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा गुडघा आधीच फाटलेला होता, यावर सहा फेऱ्या कुणी मारूच शकत नाही. सर तिथून थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तोतारामनाना कोपऱ्यात बसून रडत होता. थोड्या वेळाने अल्तमश आत आला आणि त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं.

"मला वाटलं, शेहजादभाईंचं भलं होईल," तो म्हणाला.

सर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "अब्बांमुळे मला लहानपणापासून पाठ होतं की फळा खोटं सांगत नाही," एवढंच ते म्हणाले. "मी स्वतः बघायला हवं होतं."

मला तेव्हा कुठे समजलं, मित्रांनो. मिलमध्ये लोटनचा बिल्ला खोटा लागायचा तेव्हा आजारी लोटनला घरी झोपायला मिळायचं. इथे बिल्ला खोटा लागला आणि दुखऱ्या पायाच्या माणसाला धावावं लागलं. माया तीच होती, फक्त ती कुठे चालते आणि कुठे नाही हे म्हाताऱ्याला उमगलं नाही. मलाही नाही.

बचावफळीला मोठं भगदाड पडलं आणि ते बुजवायला कुणी नव्हतं. हंगामाच्या शेवटी संघ लीगमधून बाहेर गेला आणि शेठनी क्लब बंद केला. शेवटच्या दिवशी खेळाडू एकेक करून आले आणि आपापला बिल्ला काढून घेऊन गेले. सगळ्यांत शेवटी शेहजाद आला, काठी टेकत. उजवा गुडघा आता वाकत नाही. पोरांना शिकवायचं कामही त्याला कुणी देत नाही, कारण शिकवायलाही थोडं धावावं लागतं.

तो माझ्याखाली उभा राहिला आणि वरच्या खिळ्याकडे पाहू लागला. जिथे रोज एक छोटी उडी पुरायची, तिथे आता हात पोहोचत नव्हता. मागून अल्तमश पुढे झाला आणि त्याने हात वर केला.

"नको," शेहजाद म्हणाला. "हा तरी मला काढू दे."

त्याने काठीच्या टोकाने बिल्ला उचलून खिळ्यावरून सोडवला. बिल्ला खाली पडला आणि खोलीभर घरंगळत गेला. कुणी उचलला नाही. शेहजाद भिंतीला धरत, सरळ पाय पुढे सोडून, हळूहळू जमिनीवर बसला, बिल्ला उचलला आणि तसाच हळूहळू उठला. त्याला फार वेळ लागला. इसाकसर तोवर खिडकीबाहेर बघत होते.

मी पुन्हा गोदामात आहे. वर्गात हजेरी होताना तुम्हीही कधी मित्रासाठी 'हजर' म्हणत असाल. म्हणा बापडे, मी कोण सांगणार? पण मित्र लंगडत असेल तर त्याचं लंगडणं झाकू नका. त्याच्याशेजारी बसा, त्याला धरून घरी न्या, वेळ आली तर त्याच्या रागाचे दोन शब्द ऐका. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं सोपं असतं, आणि त्याची किंमत तोच मोजतो. कधीकधी तर ती मोजणारा तिसराच कुणी असतो, ज्याचं तुम्ही नावही ऐकलेलं नसतं.

माझ्यावर आता एकच बिल्ला उरला आहे, 'येणार'च्या रांगेत, चोवीस नंबरचा. नियमाप्रमाणे तो फक्त स्वप्नीलच काढू शकतो. तो अजून आलेला नाही.